गुठळ्यांचं गणित

१९ सप्टेंबर १९८५च्या सकाळी मेक्सिको सिटीला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. माणसं किती दगावली, यावर सरकार आणि नागरिक यांचं एकमत होईना. सरकारी आकड्यावर कुणाचा विश्वास नव्हता आणि दुसरा आकडा आणायचा कुठून, हे कुणाला ठाऊक नव्हतं. रसेल बर्नार्ड हे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी पीटर किलवर्थ यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. किलवर्थ मूळचे समुद्रशास्त्रज्ञ, म्हणजे आकडेमोडीत मुरलेले. प्रेतं मोजता येत नसतील तर जिवंत माणसांना विचारू, असं त्यांनी ठरवलं. प्रश्न साधा होता : भूकंपात गेलेली किती माणसं तुमच्या ओळखीची होती?

यामागचं त्रैराशिक शाळकरी मुलालाही जमेल. समजा एका माणसाच्या ओळखीत सरासरी सहाशे माणसं आहेत आणि त्यांतली तीन भूकंपात गेली. म्हणजे दोनशेत एक. पुष्कळ लोकांना विचारून सरासरी काढली, शहराच्या लोकसंख्येला ते प्रमाण लावलं, की अंदाज हाती येतो. पुढे ही पद्धत एचआयव्हीचा धोका असलेल्या गटांची संख्या काढण्यासाठी अनेक देशांत वापरली गेली. जे लोक स्वतःहून पुढे येत नाहीत, ते कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत असतातच, हे तिचं गृहीतक.

आता भूकंप बाजूला ठेवू आणि हाच प्रश्न एका हलक्याफुलक्या विषयाला लावून पाहू. फेसबुक किंवा व्हॉट्सॲपबद्दल ‘तुमच्या ओळखीतलं कुणी आहे का तिथे?’ असं कुणी विचारत नाही. पण जगात शेकडो छोटी समाजमाध्यमं आहेत. विणकाम करणाऱ्यांचं रेव्हलरी, सिनेमे पाहून त्यांची नोंद ठेवणाऱ्यांचं लेटरबॉक्स्ड, सायकल आणि पळण्याचे किलोमीटर मांडणाऱ्यांचं स्ट्राव्हा, झाडं-किडे-पक्षी यांचे फोटो टाकून त्यांची ओळख पटवणाऱ्यांचं आयनॅचरलिस्ट. यांतल्या एखाद्याचं नाव निघालं की समोरचा हमखास विचारतो, ‘हे वापरतं तरी कोण?’ आणि वापरणाऱ्याला हमखास वाटतं, की अरे, सगळेच तर वापरतात! दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. असं का होतं, ते समजून घेतलं की छोटी माध्यमं कशी जगतात आणि कशी मरतात, याचाही बराच उलगडा होतो.

सरासरी सांगते एक, घडतं दुसरंच

एका काल्पनिक माध्यमाचा हिशेब करू. समजा महाराष्ट्रात हजारातला एक माणूस ते वापरतो. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने सुमारे १ लाख १२ हजार वापरकर्ते. आकडा काही लहान नाही. आता तुमच्या ओळखीतली सहाशे माणसं घ्या. त्यांत हे माध्यम वापरणारे सरासरी निघतील ०.६, म्हणजे धड एक माणूसही नाही. हे लाखभर लोक राज्यभर अगदी समान पसरले असते, तर शंभरातल्या साधारण ५५ जणांच्या ओळखीत कुणीच नसतं, ३३ जणांच्या ओळखीत एक, आणि उरलेल्या बाराजणांच्या ओळखीत दोन किंवा जास्त.

पण माणसं अशी समान पसरत नाहीत. पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तशी ती जागोजागी गोळा होतात. त्यामुळे खरं चित्र बहुधा असं असतं : शंभरातल्या ९५ जणांच्या ओळखीत एकही नाही आणि उरलेल्या पाचजणांच्या ओळखीत प्रत्येकी बारा. बेरीज करून पाहा. पाच गुणिले बारा साठ, भागिले शंभर, म्हणजे तेच ०.६. सरासरीला या दोन चित्रांतला फरक दिसतच नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. तिआन झेंग, मॅथ्यू सॅल्गानिक आणि अँड्र्यू गेल्मन या तीन संशोधकांनी २००६मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीची आकडेवारी नव्याने तपासली. त्या पाहणीत १,३७० लोकांना ‘तुम्ही अशा किती जणांना ओळखता’ या धर्तीचे प्रश्न विचारले होते. अमुक नावाचे किती, तमुक व्यवसायाचे किती, तुरुंगात असलेले किती, बेघर किती. नावांच्या बाबतीत उत्तरं जवळपास अपेक्षेप्रमाणे पसरलेली निघाली. मायकल नावाची माणसं सगळीकडे असतात. तुरुंगातल्या आणि बेघर माणसांबद्दलची उत्तरं मात्र कमालीची विषम होती. बहुसंख्यांच्या ओळखीत असं कुणीच नाही आणि थोड्यांच्या ओळखीत अनेक. विषमतेच्या या मोजमापावरून समाजात भिंती कुठे उभ्या आहेत, ते कळतं, हा त्या तिघांचा मुद्दा होता. सहाशे हा ओळखीचा आकडाही मी हवेतून काढलेला नाही. या अभ्यासात आणि २०१०मधल्या पुढच्या अभ्यासात अमेरिकी माणसाच्या ओळखीची सरासरी सहाशे ते साडेसातशेच्या दरम्यान निघाली होती.

या पद्धतीत आणखी एक अडचण आहे आणि छोट्या माध्यमांना तीच जास्त लागू पडते. माणूस ओळखीचा असतो, पण त्याची ती बाजू आपल्याला ठाऊक नसते. शेजारच्या काकू रेव्हलरीवर असू शकतात. त्यांनी विणलेला स्वेटर तुमच्या अंगावर असेल. पण त्याचा नमुना त्यांनी तिथून उतरवून घेतला, अडलेला टाका कुणा परदेशी बाईला विचारला, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. काकू लपवत नाहीत. कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून ‘माझ्या ओळखीत कुणीच नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘मला कुणी सांगितलेलं नाही’ इतकाच असतो.

गुठळी कशी जमते

गुठळी जमायला काहीतरी निमित्त लागतं. १९८५मध्ये कॅलिफोर्नियात सॉसालितो या छोट्या गावी ‘वेल’ नावाचं संगणकावरच्या गप्पांचं ठिकाण सुरू झालं. स्ट्युअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट हे त्याचे संस्थापक.   वेलवर जायचं तर संगणक टेलिफोनला जोडून तिथला नंबर फिरवावा लागे. महिन्याला आठ डॉलर, वर तासाला दोन डॉलर आणि टेलिफोनचं बिल वेगळं. दूरच्या गावाहून फोन लावला तर बिल परवडत नसे. म्हणून वेलवर जमले ते मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे लोक. जगभर पसरू शकणाऱ्या तंत्राला टेलिफोनच्या दरपत्रकाने एका खाडीभोवती बांधून ठेवलं.

दर महिन्याला वेलच्या कचेरीत मेजवानी होई. महिनाभर पडद्यावर भांडलेली माणसं तिथे समोरासमोर येत. टोपणनाव बदलण्याची मुभा होती. पण त्यामागचा खरा माणूस कोण, हे इतरांना पाहता येत असे. हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं. वेलमधल्या माणसांच्या लग्नांना आपण गेलो, बाळं जन्मली तेव्हा गेलो, अंत्यविधीलाही गेलो, असं ते त्यात सांगतात. ‘आभासी समाज’ ही कल्पना ज्या पुस्तकाने जगभर नेली, त्यातला समाज संध्याकाळी मोटारीने एकमेकांच्या घरी पोहोचणारा होता.

वेल सुरू झाल्यावर एकोणीस वर्षांनी फेसबुकने हेच, एका जागच्या माणसांना आधी जमवणं, मुद्दाम केलं. ४ फेब्रुवारी २००४ला ते सुरू झालं तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाचा ईमेल पत्ता असल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. महिन्याभरात तिथल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आले. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल. एक विद्यापीठ पुरतं भरल्यावर पुढचं. सर्वांसाठी दार उघडायला सप्टेंबर २००६ उजाडला. आज अब्जावधींचं असलेलं हे माध्यम एका वसतिगृहातल्या गुठळीपासून सुरू झालं आणि बराच काळ गुठळ्या-गुठळ्यांनीच वाढलं. २००४च्याच जानेवारीत आलेल्या ऑर्कुटवर सुरुवातीला कुणीतरी आमंत्रण दिल्याशिवाय जाता येत नसे. म्हणजे तिथे पोहोचलेल्या प्रत्येकाच्या ओळखीत निदान एक माणूस आधीपासून हजर असे.

एक ओळख पुरत नाही

इथे समाजशास्त्रातल्या एका गाजलेल्या सिद्धान्ताची आठवण काहींना होईल. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवलं, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही असतं. मग नव्या माध्यमाची लागणही जुजबी ओळखींतूनच व्हायला हवी, नाही का?

खबर मिळण्यापुरतं ते खरं आहे. खबर मिळणं आणि हातातली सवय बदलणं यांत मात्र मोठं अंतर आहे. डेमन सेंतोला यांनी २०१०मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. आरोग्यविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवलेले १,५२८ लोक त्यांनी दोन प्रकारच्या जाळ्यांत वाटले. प्रत्येकाला सारख्याच संख्येने ‘आरोग्यमित्र’ दिले. फरक एवढाच, की पहिल्या जाळ्यात तुमचे मित्र आपसांतही मित्र होते. दुसऱ्यात ते दूरदूर विखुरलेले होते. मग एका माणसाने नव्या आरोग्य-मंचात नाव घातलं, की त्याच्या मित्रांना तसा निरोप जाई. विखुरलेल्या जाळ्यात बातमी झपाट्याने दूर जायला हवी होती. प्रत्यक्षात विखुरलेल्या जाळ्यातल्या सुमारे ३८ टक्के लोकांनी नाव घातलं, तर गुठळ्यांच्या जाळ्यातल्या सुमारे ५४ टक्के लोकांनी. कारण गुठळीत एकच निरोप दोन-तीन दिशांनी येतो. पहिल्या निरोपाला माणूस ‘बघू’ म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्याला उठतो.

याला जोडून २०१२मधला दुसरा अभ्यास पाहायला हवा, कारण तो चित्र थोडं अवघड करतो. कॉर्नेल विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी फेसबुककडे येण्यासाठी ईमेलने गेलेली आमंत्रणं तपासली. आमंत्रण मिळालेल्याच्या ओळखीतले किती जण आत आहेत, यापेक्षा ते किती वेगवेगळ्या वर्तुळांतले आहेत, हे जास्त निर्णायक ठरलं. कार्यालयातले चार जण असण्यापेक्षा एक कार्यालयातला, एक शाळेतला आणि एक नात्यातला असला, तर माणूस आत येण्याची शक्यता अधिक.

मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. फेसबुकसारखं माध्यम आयुष्यभराच्या ओळखी एका जागी आणू पाहतं, म्हणून तिथे सगळ्या वर्तुळांची हजेरी हवी. पक्षी टिपणाऱ्यांच्या माध्यमाला तुमच्या साडूची गरज नसते. तिथे एकच वर्तुळ पुरतं. पण ते दाट हवं.

म्हणूनच माध्यमाची किंमत एकूण संख्येवर मोजणं फसवं ठरतं. इथरनेटचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की जाळ्याचं मूल्य सभासदसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दहापट माणसं, शंभरपट मूल्य. गुंतवणूकदारांना हा नियम फार आवडला. २००६मध्ये ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली या तिघांनी त्यावर बोट ठेवलं : सगळ्या जोड्या सारख्या मोलाच्या धरल्यात, इथेच चूक आहे. तुमच्या दृष्टीने जाळ्यातल्या बहुतेक माणसांची किंमत शून्याच्या जवळ असते आणि मोजक्यांची फार मोठी.

दुसरा माणूस गेला की

गुठळी जमते तशी सुटतेही, आणि सुटते ती अचानक. समजा नाशिकमधले पाच सायकलस्वार स्ट्राव्हावर आहेत. एक डॉक्टर, एक वकील, एक शिक्षिका, एक बँकेतले, एक फोटोग्राफर. सगळे एकमेकांना ओळखतात. कोण त्र्यंबकला किती वेळात पोहोचलं, यावर रोज चिडवाचिडवी. प्रत्येकाचं मनातल्या मनात एकच गणित : निदान तीन मित्र तिथे असतील, तोवर मजा आहे. डॉक्टरांचा गुडघा दुखावतो, ते थांबतात. उरलेल्या चौघांना प्रत्येकी तीन मित्र उरतात. काही बिघडत नाही. सहा महिन्यांनी वकिलांची बदललेली दिनचर्या आड येते, तेही थांबतात. आता तिघे राहिले आणि प्रत्येकाचे मित्र दोनच. त्या महिन्यात तिघेही बंद होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एकाएकी काय झालं? झालं एवढंच, की दुसरा माणूस गेला.

झ्यूरिकच्या ईटीएच संस्थेतल्या डेव्हिड गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये फ्रेंडस्टर या माध्यमाचं शवविच्छेदन केलं, ते याच गणिताने. फ्रेंडस्टर २००२चं, म्हणजे फेसबुकच्याही आधीचं. दहा कोटींहून जास्त खाती. संशोधकांनी पाहिलं, की किती लोकांना आपापल्या किमान संख्येइतके मित्र आत उरले आहेत. वापरण्याचा त्रास थोडा वाढला, की काठावरचे निघतात. त्यांच्या जाण्याने आणखी काही जण काठावर येतात आणि तेही निघतात. दहा कोटींचा आकडा या घसरणीपासून कुणाला वाचवत नाही.

गूगल प्लसने तर आकड्यांचं फोलपण उघडंच केलं. २०११मध्ये आलेल्या या माध्यमाला गूगलच्या इतर सेवांतून कोट्यवधी खाती मिळाली. ऑक्टोबर २०१८मध्ये ते गुंडाळायचं जाहीर करताना कंपनीनेच सांगितलं, की तिथल्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. माणूस यायचा, ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणून निघून जायचा. पण तिथेही काही छायाचित्रकार आणि टेबलावरचे कल्पनारम्य खेळ खेळणारे काही गट घट्ट जमले होते. एप्रिल २०१९मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा त्याची हळहळ वाटली, ती या लोकांना.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात एक लाट आली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, त्याच्या निषेधात अनेकांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ऑइगेन रोख्को या जर्मन तरुणाने २०१६मध्ये सुरू केलेलं हे माध्यम एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांचं ते जाळं आहे. आठवडा-दोन आठवडे चर्चा झाली, मग बरेच जण गुपचूप परतले. २०२२च्या अखेरीस ट्विटर इलॉन मस्क यांच्याकडे गेल्यावर जगभर याची मोठी आवृत्ती निघाली. मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते २५ लाखांवर गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत झपाट्याने उतरले. रागाने माणूस उठून जातो; पण जिथे गेला तिथे रोज परतायला ओळखीचे चेहरे लागतात. ज्या विषयांतले लोक घोळक्याने एकाच सर्व्हरवर गेले, त्यांना टिकणं सोपं गेलं. एकटा गेलेला माणूस रिकाम्या खोलीत बोलत राहिला.

पडद्याकडून ताटाकडे

आतापर्यंत प्रत्यक्षातल्या ओळखी माध्यमावर कशा येतात, ते पाहिलं. उलटा प्रवासही होतो आणि त्याचं मराठीतलं ठळक उदाहरण मायबोली. अजय गल्लेवाले यांनी १९९६मध्ये अमेरिकेत हे संकेतस्थळ सुरू केलं. मराठी टंकायची साधनं तेव्हा अगदीच तुटपुंजी, आणि वापरणारे बहुतेक परदेशी गेलेले मराठी तरुण. त्यांच्या प्रत्यक्ष शेजारात मराठी बोलणारं कुणी असेलच, याची खात्री नव्हती. म्हणजे इथे गुठळी आधी नव्हती. ती तिथेच तयार व्हायची होती.

ती तयार करण्याचं साधन म्हणजे गटग, अर्थात ‘गेट-टुगेदर’. हितगुज या तिथल्या गप्पांच्या विभागातल्या शहरवार बाफांवर, म्हणजे चर्चेच्या धाग्यांवर, गप्पा मारता मारता कुणीतरी विचारायचं, ‘भेटायचं का?’ मग एखाद्याचं घर, एखादं हॉटेल, कोण काय करून आणणार याची यादी. पावसाळ्यात ववि, म्हणजे वर्षाविहार. बस ठरवून, मुलाबाळांसकट एक दिवसाची सहल. अशा ठिकाणी ओळख करून देण्याची रीत उलटी असते. आधी आयडी सांगायचा, मग नाव. नाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. आयडी ऐकला की ‘अरे, तो तू होय!’ असा गलका होतो. पुष्कळांना एकमेकांची खरी नावं पुढेही आठवत नाहीत. मिसळपाव या दुसऱ्या मराठी संकेतस्थळावरच्या लोकांचे कट्टे याच जातकुळीचे.

एका ताटात जेवल्याने काय बदलतं? एकतर, डुआयडी, म्हणजे दुसरा खोटा आयडी, घेऊन टोमणे मारणाऱ्याची पंचाईत होते. ज्याच्या हातची साबुदाणा खिचडी खाल्ली, त्याच्यावर बाफावर तुटून पडताना हात जरा आखडतो. भांडणं थांबत नाहीत. पण भांडून झाल्यावर विपुत, म्हणजे विचारपुशीच्या पानावर, जाऊन चौकशी करणारंही कुणीतरी असतं. दुसरं म्हणजे, रुसून निघालेल्याला परत आणायला फोन नंबर असलेला माणूस लागतो. तो गटगमुळे मिळतो. नाशिकच्या सायकलस्वारांना दुसरा माणूस जाताना थांबवणारं कुणी नव्हतं. इथे असतं.

ओळखीचं कुणी नको असणारे

हे सगळं वाचून ओळख जितकी जास्त तितकं बरं, असं वाटेल. तसं नाही. अनेकजण छोट्या माध्यमावर जातात, ते ओळखीच्यांपासून लांब राहायलाच. ज्या मुलीला कविता करायच्या आहेत, तिला त्या मावशीने वाचून आईला सांगायला नको असतात. आजारपण, धर्मावरची शंका, नोकरीतली घुसमट, लैंगिकता याबद्दल बोलायचं तर परका माणूस जास्त सुरक्षित वाटतो. आयुष्यातली वेगवेगळी वर्तुळं एकाच पडद्यावर येऊन एकमेकांवर आदळली की प्रत्येकाला चालेल असं बोलायचं काही उरत नाही, हे डेना बॉइड आणि ॲलिस मार्विक यांनी ट्विटरच्या अभ्यासात नोंदवलं होतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सुप्रभात आणि वाढदिवस एवढंच का उरतं, हे त्यावरून कळावं.

त्यामुळे अशा माध्यमावर ओळखीचा माणूस दिसलाच, तर एक साधा शिष्टाचार पाळावा. आधी त्याला एकांतात कळवावं, चारचौघांत नाव घेऊ नये. त्याने ती बाजू तुम्हाला सांगितली नव्हती, यालाही कारण असू शकतं.

नवं माध्यम निवडताना मात्र कोटींच्या जाहिराती बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात. ज्या विषयासाठी आपण तिथे जाणार, त्यातली तीन-चार माणसं तिथे आहेत का, आणि ती एकमेकांना ओळखतात का? नसतील तर एकट्याने जाऊन वाट पाहण्यापेक्षा दोघा-तिघांना धरून एकाच आठवड्यात जावं. वेलचं पुढे काय झालं, ते या संदर्भात पाहण्याजोगं आहे. १९९९मध्ये ते सलॉन या मासिकाच्या कंपनीने घेतलं आणि २०१२मध्ये तिने विकायला काढलं. तेव्हा सभासद तीन हजारांच्याही आत उरले होते. कुठल्याही गुंतवणूकदाराने नाक मुरडावं असा आकडा. त्या सभासदांतल्या काहींनी आपसांत पैसे उभे केले आणि वेल विकत घेतलं. पैसे मागायला कुणाला फोन करायचा, हे त्यांना माहीत होतं.